कमावणे

मराठीत ‘कमावणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. माणसे पैसा कमावतात, आणि कातडेही कमावतात. पहिला अर्थ सर्वांच्या तोंडी असतो. दुसरा गावकुसाबाहेर राहिला. शिकागोतील हॉर्वीन या चर्मोद्योगी घराण्याचा इतिहास पाहताना हे दोन्ही अर्थ एकाच उंबरठ्याच्या आत नांदताना दिसतात, म्हणून आम्हांला त्याविषयी लिहावेसे वाटले.

ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत १८९३ साली विवेकानंद बोलले, त्याच वर्षी आयझॅडोर हॉर्वीन युक्रेनमधून शिकागोत आला. प्रदर्शनातील चामड्याचे दालन पाहता पाहता त्याला नोकरी मिळाली, अशी हकीकत घराण्यात सांगितली जाते. बारा वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात राबून त्याने १९०५ मध्ये स्वतःचा काढला. शिकागो हे तेव्हा कत्तलखान्यांचे शहर होते. त्यामुळे कातड्यांना तोटा नव्हता आणि कातडी कमावणारेही बरेच होते.

हॉर्वीनचा पहिला माल म्हणजे वस्तऱ्याला धार लावण्याच्या पट्ट्यासाठी लागणारे घोड्याचे चामडे. स्पेनमधील कॉर्डोबा शहरावरून त्याला कॉर्डोव्हन म्हणतात. पण जिलेटचा पाते बदलता येणारा रेझर आला, पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैनिकांच्या हाती पडला, आणि पट्ट्याची गरजच उरली नाही. ज्या मालावर घर उभे राहिले तो माल निरुपयोगी ठरणे, हे कोणत्याही घराण्याच्या धंद्यावरचे मोठेच संकट. हॉर्वीन यांनी चामडे तेच ठेवले आणि गिऱ्हाईक बदलले. न्हाव्याऐवजी ते बूट तयार करणाऱ्यांकडे गेले.

हे चामडे कसे होते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण घराण्याचा स्वभाव त्यातच आहे. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यात, आतल्या बाजूला, दाट तंतूंचा एक लंबगोल थर असतो. उपयोगाचा भाग तेवढाच. घोड्याचे मांस जेथे खाल्ले जाते अशा फ्रान्स, कॅनडासारख्या देशांतून ही कातडी येतात. झाडांच्या सालींतून व लाकडातून काढलेल्या अर्काच्या हौदांत ती आठवडेच्या आठवडे मुरतात, मग तेलमेण पितात, तासली जातात, घोटली जातात. सारे मिळून सहा महिने लागतात. क्रोमच्या क्षारांनी कातडे काही दिवसांत कमावता येते. तरीही सहा महिने भांडवल हौदात बुडवून ठेवायचे, हे दर तिमाहीला हिशेब मागणाऱ्या भागधारकांच्या कंपनीला कितपत मानवले असते याची आम्हांला शंका आहे. (क्रोमचे चामडेही हॉर्वीन करतातच, सोवळेपणाने कारखाना चालत नाही.)

आयझॅडोरचे दोघे मुलगे, राल्फ आणि अर्नल्ड, हार्वर्डला गेले. १९२० च्या पहिल्या दिवशी रोझ बोलच्या सामन्यात हार्वर्डने ऑरेगनला ७-६ असे हरवले. त्या संघात दोघेही होते. त्याच वर्षी अर्नल्ड हार्वर्डचा पहिला ज्यू कर्णधार झाला. पुढे शिकागोच्या व्यावसायिक संघातून दोघे मॅकमेहन या खोट्या आडनावाने खेळले, कारण पैसे घेऊन खेळणे तेव्हा प्रतिष्ठेचे मानले जात नसे. गंमत अशी, की कातडी कमावणाऱ्याचे आडनाव खेळापासून जपावे लागत होते! शेवटी अर्नल्ड कारखान्यात परतला. १९४१ पासून राष्ट्रीय लीगचा अधिकृत चेंडू विल्सन कंपनीचा आहे, आणि त्याचे दाणेदार चामडे हॉर्वीन पुरवतात. बोलीत त्या चेंडूला डुकराचे कातडे म्हणतात, पण असते ते गोवंशाचे. आज घराण्याची पाचवी पिढी १९२० साली घेतलेल्या एल्स्टन मार्गावरील त्याच इमारतीत काम करते. शिकागोतील बाकीचे चामड्याचे कारखाने मात्र एकेक करून बंद पडले. २००६ नंतर हा एकच उरला.

‘पिढीजात’ हा शब्द तेथे मालाची किंमत वाढवतो. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कोल्हापूरच्या पायताणांचे कातडे कमावणाऱ्या ढोर समाजाच्या कुटुंबांना पिढ्या पाचांहून किती अधिक झाल्या असतील! रसायन तेच, वनस्पतींतील टॅनिनचे, हौदही तसेच. पण त्या पिढ्या कोणी मोजल्या नाहीत, आणि चपलेला नाव मिळाले ते गावाचे.

अमेरिकेत भेदभाव नव्हता असे नव्हे. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करावी, असा प्रस्ताव हार्वर्डच्या अध्यक्षांनी १९२२ मध्ये मांडलाच होता. तथापि तो डाग धर्माचा होता, चामड्याचा नव्हता. मुलाने कारखान्यात जावे की न जावे, हे शेजारचे गाव ठरवीत नव्हते. मार्च १९२७ मध्ये, अर्नल्ड हार्वर्डच्या संघाचा प्रशिक्षक असताना, महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकर आपल्या लोकांना मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडून द्या, असे सांगत होते.