नॅव्हाहो विश्वस्त जमीन : भाडेपट्टे व अभिलेख

अ. सं. सं.च्या नैर्ऋत्य भागातील ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत पसरलेल्या नॅव्हाहो राखीव क्षेत्रातील जमीन भाडेपट्ट्याने देण्याचा व तिच्या हक्कांची नोंद ठेवण्याचा अधिकार, तसेच तो अधिकार संघशासनाकडून क्रमाक्रमाने जमातीच्या शासनाकडे कसा आला, याचा इतिहास. नॅव्हाहो लोक स्वतःस ‘दिने’ म्हणजे ‘लोक’ असे म्हणवितात. त्यांचे राखीव क्षेत्र देशातील सर्वांत मोठे असून त्याचा विस्तार सु. ७०,००० चौ. किमी. आहे. त्यातील बहुतेक जमिनीची कायदेशीर मालकी संघशासनाकडे असून तिच्या उपभोगाचा हक्क जमातीचा आहे. अशा जमिनीस विश्वस्त जमीन म्हणतात. ती विकता येत नाही, सामान्यतः गहाण टाकता येत नाही आणि दीर्घकाळपर्यंत वॉशिंग्टनच्या संमतीवाचून ती भाड्यानेही देता येत नसे.

या व्यवस्थेचे मूळ जुने आहे. इंडियनांची जमीन संघशासनाच्या संमतीविना कोणीही विकत घेऊ नये, असा निर्बंध काँग्रेसने १७९० मध्येच घातला. १८३१ मध्ये चेरोकी जमातीच्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी इंडियन जमातींना ‘अंतर्गत परावलंबी राष्ट्रे’ म्हटले व त्यांचे संघशासनाशी असलेले नाते पाल्य व पालक यांच्या नात्यासारखे असल्याचा अभिप्राय दिला. हा निर्बंध जमातींच्या संरक्षणासाठी होता, हे खरे; पण पालकच व्यवहार ठरवू लागला म्हणजे संरक्षण कोठे संपते व ताबा कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते. नॅव्हाहोंच्या जमिनीचा पुढील सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

१८६३–६४ मध्ये किट कार्सनच्या सैन्याने नॅव्हाहोंची शेते व कळप उद्ध्वस्त केले आणि हजारो लोकांना पायी चालवीत न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे नेऊन डांबले. चार वर्षांच्या हालअपेष्टांनंतर १ जून १८६८ रोजी फोर्ट समनर येथे तह झाला. बार्बोन्सीतो, मान्वेलितो इ. प्रमुखांनी जमातीच्या वतीने, तर जनरल विल्यम शर्मन व सॅम्युएल टॅपन यांनी शासनाच्या वतीने त्यावर सह्या केल्या. स्वदेशी परतण्याची मुभा मिळालेली ही जमात त्या काळच्या मानाने भाग्यवान ठरली. या तहातील दोन कलमे येथे विशेष महत्त्वाची आहेत. पाचव्या कलमान्वये कुटुंबप्रमुखास १६० एकरांपर्यंत व एकट्या प्रौढ व्यक्तीस ८० एकरांपर्यंत जमीन निवडण्याची सवलत होती. अशा निवडीची नोंद शासकीय प्रतिनिधीने आपल्या कार्यालयात एका वहीत करावी, ती वही पाहण्यास खुली असावी आणि तिला ‘नॅव्हाहो जमीनवही’ म्हणावे, असे तहातच लिहिले होते. दहाव्या कलमाने राखीव क्षेत्राचा कोणताही भाग सोडून देण्यास तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांची संमती आवश्यक ठरविली. म्हणजे जमिनीची पहिली अधिकृत वही नॅव्हाहोंची असली, तरी ती लिहिणारा हात मात्र शासनाचा होता.

नॅव्हाहोंची प्रत्यक्ष वहिवाट या चौकटीत बसणारी नव्हती. मेंढपाळ कुटुंबे उन्हाळी व हिवाळी कुरणांत ऋतुमानाप्रमाणे फिरत. कुरणाचा हक्क वापराने सिद्ध होई आणि तो प्रायः मातृवंशाने चालत येई. कोणाच्या मेंढ्या कोणत्या झऱ्यावर पाणी पितात, हे त्या भागातील म्हाताऱ्याकोताऱ्यांस ठाऊक असे. त्यासाठी उताऱ्याची गरज नव्हती. १८७८ पासून राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी व पुढे काँग्रेसच्या कायद्यांनी मूळ क्षेत्रात वेळोवेळी भर पडत गेली. १८८७ च्या वाटप अधिनियमाने अन्य जमातींच्या सामायिक जमिनीचे तुकडे केले. त्याच्या परिणामी सर्व इंडियनांकडील जमीन १८८७ मधील १३ कोटी ८० लक्ष एकरांवरून १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली. मुख्य नॅव्हाहो क्षेत्र या आपत्तीतून बचावले. पूर्वेकडील न्यू मेक्सिकोतील भागात मात्र वैयक्तिक वाटप झाले व तेथे जमातीची, व्यक्तींची, राज्याची, संघशासनाची व खाजगी अशी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी एकमेकींत मिसळली.

आधुनिक नॅव्हाहो शासनाचा जन्मच मुळी भाडेपट्ट्याच्या गरजेतून झाला. १९२१ च्या सुमारास शिपरॉक भागात तेलासाठी कंपन्यांची धावपळ सुरू झाली. तेथील नॅव्हाहोंच्या सर्वसाधारण सभेने एका कंपनीस पट्टा दिला, पण इतर मागण्या फेटाळून लावल्या. सह्या करण्यास तयार अशी एखादी संस्था शासनास हवी होती. १९२२ मध्ये हेन्री ची डॉज यांच्यासह तिघांचे एक व्यवहार मंडळ नेमण्यात आले आणि १९२३ मध्ये अंतर्गत खात्याने नियम करून निर्वाचित जमात-परिषद स्थापन केली. तिची पहिली बैठक ७ जुलै १९२३ रोजी टोडलीना येथे भरली. डॉज अध्यक्ष झाले. याच बैठकीत परिषदेने जमातीच्या वतीने तेलपट्ट्यांवर सह्या करण्याचा अधिकार हर्बर्ट हेगरमन या शासननियुक्त आयुक्ताकडे सोपविला. स्वशासनाच्या संस्थेची पहिली महत्त्वाची कृती आपला अधिकार दुसऱ्यास देण्याची असावी, ही गोष्ट नॅव्हाहो इतिहासकारांना बोचत आली आहे. तथापि याच परिषदेचे पुढे खऱ्याखुऱ्या विधिमंडळात रूपांतर झाले, हेही विसरता येत नाही.

जमिनीची धूप थांबविण्यासाठी १९३३ पासून आयुक्त जॉन कॉलियर यांनी पशुधन घटविण्याची सक्तीची मोहीम हाती घेतली. हजारो मेंढ्या व बकऱ्या मारण्यात आल्या. या रागापोटी नॅव्हाहोंनी १९३५ च्या मतदानात, जमातींना लिखित संविधान व काही अधिकार देणारा १९३४ चा इंडियन पुनर्रचना अधिनियम थोड्या मतांनी नाकारला. त्यामुळे नॅव्हाहो शासन आजही लिखित संविधानावाचून चालते. १९३७ च्या चराई-नियमांनी क्षेत्राचे जमीन-व्यवस्थापन विभाग पाडले आणि प्रत्येक कुटुंबास ठराविक ‘मेंढी-एककां’चा परवाना देण्याची पद्धत आणली. तीत एक घोडा पाच व एक गाय चार मेंढ्यांबरोबर धरली जाई. हा परवाना कागदोपत्री केवळ चराईचा. पण व्यवहारात तोच जमिनीवरील हक्काचा पुरावा बनला. घर बांधणे असो की दुकान काढणे असो, त्या जागेवरील परवानाधारकांची संमती मिळविणे हा आजतागायत सर्वांत अवघड टप्पा समजला जातो.

खनिजांचे पट्टे १९३८ च्या आणि इतर पट्टे १९५५ च्या संघीय अधिनियमाखाली होत. दोहोंतही जमात सही करी व अंतर्गत खात्याचा सचिव मान्यता देई. मान्यतेपूर्वी मूल्यांकन, मोजणी, पर्यावरणविषयक तपासणी व पुरातत्त्वीय पाहणी अशा पायऱ्या होत्या. लहानशा दुकानाच्या पट्ट्यालाही वर्षानुवर्षे लागत. याहून वाईट स्थिती राखीव क्षेत्राच्या पश्चिम भागात होती. होपी जमातीशी असलेल्या वादामुळे १९६६ मध्ये आयुक्त रॉबर्ट बेनेट यांनी सु. १५ लक्ष एकरांवरील विकासकामे गोठविली. तेथे नवे घर बांधणे तर दूरच, जुन्या घराचे छप्पर दुरुस्त करणेही दुरापास्त झाले. दोन्ही जमातींत २००६ मध्ये समझोता झाला, तरी हा निर्बंध विधिवत् रद्द होण्यास २००९ साल उजाडले.

संघशासनाची मान्यता म्हणजे हिताचे रक्षण, हे गृहीत किती भरवशाचे होते, याची परीक्षा पीबॉडी कंपनीच्या कोळसापट्ट्यात झाली. ब्लॅक मेसावरील १९६४ च्या पट्ट्यात स्वामित्वशुल्क टनास जास्तीत जास्त ३७·५ सेंट होते व वीस वर्षांनी त्यात वाजवी फेरफार करण्याची तरतूद होती. १९८४ मध्ये इंडियन व्यवहार कार्यालयाच्या विभागीय संचालकाने ते ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्के ठरविले. कंपनीने अपील केले. १९८५ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधीने सचिव डॉनल्ड होडेल यांची जमातीच्या अपरोक्ष भेट घेतली व त्यानंतर निर्णय लांबणीवर टाकून वाटाघाटींचा सल्ला देण्यात आला. आर्थिक अडचणीतील जमातीने अखेर १२·५ टक्क्यांवर तडजोड केली. १९९३ मध्ये जमातीने संघशासनावर ६० कोटी डॉलरांच्या भरपाईचा दावा लावला. पण सर्वोच्च न्यायालयाने २००३ व पुन्हा २००९ मध्ये तो अमान्य केला. १९३८ च्या अधिनियमात वाटाघाटींचा भार जमातीवरच आहे, तेव्हा सचिवाच्या वर्तनाबद्दल त्या अधिनियमान्वये भरपाई मागता येत नाही, असा २००३ च्या निर्णयाचा आशय होता. पालकाने मान्यता द्यायची, पण त्या मान्यतेची जबाबदारी घ्यायची नाही, असाच अर्थ विंडो रॉक या नॅव्हाहो राजधानीत त्यातून काढला गेला.

दुसरीकडे जमातीचा स्वतंत्र अधिकार न्यायालयांनी काही बाबतींत उचलून धरला. १९८५ मध्ये कर-मॅगी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे ठरविले, की पट्टेदारांच्या हितसंबंधावर व व्यवसायावर कर बसविण्यास नॅव्हाहोंना सचिवाच्या संमतीची गरज नाही. १९८९ मधील राजकीय संकटानंतर कार्यकारी व वैधानिक सत्ता अलग करण्यात आल्या. १९९८ च्या स्थानिक शासन अधिनियमाने ‘चॅप्टर’ नावाच्या, ग्रामसभेशी तुलना करता येईल अशा ११० स्थानिक संस्थांना प्रमाणित होऊन आपल्या भागाच्या जमीनवापराची योजना करण्याची संधी दिली.

या वाटचालीतील निर्णायक टप्पा म्हणजे डिसेंबर २००० मध्ये संमत झालेला नॅव्हाहो विश्वस्त जमीन भाडेपट्टा अधिनियम. त्याची योजना साधी आहे. जमातीने भाडेपट्ट्यांचे नियम करावयाचे व ते सचिवाने एकदाच मंजूर करावयाचे. त्यानंतर त्या नियमांखालील प्रत्येक पट्ट्यास वेगळी मान्यता लागत नाही. २०१८ पर्यंत व्यापारी व शेतीविषयक पट्टे २५ वर्षांचे असून त्यांचे दोनदा तेवढ्याच मुदतीसाठी नूतनीकरण होऊ शकत असे. निवास, शिक्षण, धर्म, करमणूक व सार्वजनिक कार्यांसाठी ७५ वर्षांपर्यंत मुदत देता येते. व्यक्तींच्या वाटणीच्या जमिनी मात्र यातून वगळल्या असून खनिजांचे पट्टेही २०१८ पर्यंत वगळलेले होते. व्यापारी जागांविषयीचे नियम २००६ मध्ये, तर सर्वसाधारण नियम २०१४ मध्ये मंजूर झाले. नॅव्हाहोंच्या या प्रयोगाच्या धर्तीवर काँग्रेसने २०१२ मध्ये सर्वच जमातींना तशी मुभा दिली.

अधिकाराबरोबर धोकाही आला. या नियमांखालील पट्ट्यांत कोणाचेही, अगदी जमातीचेही, नुकसान झाल्यास संघशासन त्यास जबाबदार नाही, असे अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे अभिलेखांना नवे महत्त्व प्राप्त झाले. प्रत्येक पट्ट्याची व त्यातील दुरुस्त्यांची प्रत सचिवाकडे पाठवावी लागते आणि भाडे परस्पर जमातीकडे जमा होत असेल, तर त्याचा पुरेसा हिशेबही द्यावा लागतो. हिशेबाची ही सक्ती पाल्यावर आली, पण पालकाची स्वतःची दप्तरे कशी होती? एलुइस कोबेल यांनी १९९६ मध्ये लावलेल्या दाव्यात व्यक्तींच्या विश्वस्त खात्यांचे हिशेब शासनास नीट सादर करता आले नाहीत. १९९९ मध्ये दोन मंत्र्यांवर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला आणि २००९ मध्ये ३४० कोटी डॉलरांची तडजोड झाली. नॅव्हाहोंच्या निधीच्या व साधनसंपत्तीच्या गैरव्यवस्थापनाबद्दल स्वतंत्रपणे चालू असलेला दावा २०१४ मध्ये ५५ कोटी ४० लक्ष डॉलर देऊन मिटविण्यात आला. त्यात १९४६ पासूनच्या व्यवहारांचा समावेश होता.

सामान्य नॅव्हाहो कुटुंबाचा या व्यवस्थेशी संबंध येतो तो मुख्यतः घराच्या जागेच्या पट्ट्यामुळे. एक एकरापर्यंतची जागा ७५ वर्षांसाठी मिळते. अर्जदारास चराई परवानाधारकांची संमती, मोजणीचा नकाशा व पर्यावरणीय आणि पुरातत्त्वीय दाखले जोडावे लागतात. या पट्ट्यांसाठी २०१६ मध्ये नवे नियम झाले. वीज व पाणी यांची जोडणी किंवा घरासाठी कर्ज मिळविताना हा नोंदलेला पट्टाच कामी येतो. पिढ्यान् पिढ्या वहिवाट असूनही कागद नाही, अशा कुटुंबांना त्यामुळे आपल्याच आजीच्या कुरणावर अर्जदार व्हावे लागते. पूर्वेकडील वाटणीच्या जमिनींची स्थिती याहून बिकट आहे. मूळ धारकाच्या मृत्यूनंतर हिस्से वारसांत विभागले जाऊन एकेका १६० एकरांच्या तुकड्यास कित्येक सहहिस्सेदार झाले आहेत. या जमिनी २००० च्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांच्या पट्ट्यांसाठी संघशासनाची मान्यता आवश्यक राहिली. कोबेल तडजोडीतील १९० कोटी डॉलरांच्या निधीतून देशभरातील असे विखुरलेले हिस्से विकत घेऊन जमातींच्या नावे करण्यात आले. त्यांत नॅव्हाहो क्षेत्रातील हिस्सेही होते.