ख्वारिझमीच्या पुस्तकाचा गळालेला भाग

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ईदला मलकापूरला आला तेव्हा त्याने आपला प्रोजेक्ट दाखवला. वारशाची वाटणी करून देणारं मोबाईल ॲप. मय्यतीमागे कोण कोण उरलं ते भरायचं, हिस्से तयार. सगळ्यांनी कौतुक केलं. शेजारच्या चाचांनी मात्र विचारलं, "बेटा, आमच्या अब्बांची चार एकर आहे. विहीर एकाच कोपऱ्यात. ती कुणाच्या हिश्श्यात टाकलीस?"

भाचा गप्प. सिलॅबसमध्ये विहीर नव्हती.

मला आठवला तो ख्वारिझमी. नवव्या शतकात बगदादला खलिफा मामूनच्या आश्रयाने काम करणारा हा विद्वान. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावाच्या लॅटिन रूपातून आला आणि 'अल्जेब्रा' त्याच्या पुस्तकाच्या नावातून. आपल्या मुलांना फार तर एवढंच सांगितलं जातं. पण ते पुस्तक त्याने लिहिलं कशासाठी? वारसा, मृत्युपत्रं, वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई, अशा रोजच्या गरजांसाठी, असं तो प्रस्तावनेतच सांगतो. जवळपास अर्धं पुस्तक मृत्युपत्रांच्या प्रश्नांनी भरलेलं आहे.

त्यातलाच एक प्रश्न घ्या. एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा, तीन मुली. शिवाय एका परक्या माणसाला तिने मालमत्तेचा एक-अष्टमांश आणि एक-सप्तमांश देऊ केला आहे. मालमत्तेचे ११२० भाग करायचे. परक्याला ३००, नवऱ्याला २०५, मुलाला २४६, प्रत्येक मुलीला १२३. करून पाहा, बेरीज जुळते. इथवर भाच्याचं ॲपही पोचतं. पण ख्वारिझमी पुढे जातो. मृत्युपत्रात एक-तृतीयांशाहून जास्त देऊन टाकलं असेल आणि एक वारस राजी, दुसरा नाराज असेल तर? इथे आधी माणसांना विचारावं लागतं, समीकरण नंतर.

बाराव्या शतकात युरोपात या पुस्तकाची लॅटिन भाषांतरं झाली, तेव्हा नेमका हा मृत्युपत्रांचा भाग गळाला. तिथे इस्लामी वारसा कायदा लागू नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. १८३१ साली लंडनमध्ये रोझेनने अरबी मूळ आणि इंग्रजी भाषांतर छापलं, त्यात तो पुन्हा दिसला. आपलं कॉम्प्युटरचं शिक्षण मात्र अजून त्या लॅटिन प्रतीवरच चाललंय असं मला वाटतं. समीकरण ठेवलं, भांडण काढून टाकलं. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरते. मंत्रालयं प्रश्न देतात, मुलं ३६ तास जागून सॉफ्टवेअर बनवतात. चांगलंच आहे. पण तिथेही प्रश्न लिहूनच हातात येतो, आणि एवढ्या वेळात कुणाच्या ओसरीवर बसणं होत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते. मलकापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे, पण ते इंजिनिअर नव्हते, महानुभाव साहित्याचे संशोधक होते. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या, एकीचा पाठ दुसरीशी जुळत नाही. त्यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली आलं. मूळचा पाठ कोणता, याचं उत्तर कुठल्या गाईडच्या शेवटच्या पानावर छापलेलं नव्हतं. कॉलेजच्या पाटीवर त्यांचं नाव रोज वाचणाऱ्या मुलांना कुणी हे सांगत असेल का?

दुसऱ्या दिवशी भाचा चाचांबरोबर शेतावर गेला. परतला तेव्हा वहीत तीन प्रश्न होते. पंपाचं वीजबिल कुणाच्या नावावर? पावसाळ्यात विहिरीपर्यंतची वाट कुणाच्या बांधावरून? आणि फूफीने आपला हिस्सा सोडला असं सगळे म्हणतात, पण तिला विचारलं कुणी?

ॲप अर्धवटच आहे. फूफी भुसावळला राहते. येत्या रविवारी तो तिच्याकडे जाणार आहे.