उन्मादचिकित्सेंत व्यायामाचें स्थान

आज ज्यास द्विध्रुवी मनोविकार म्हणतात, त्यावर व्यायामाचा उपचार प्राचीन वैद्यांस ठाऊक होता, असें विधान अलीकडे पुष्कळदां कानीं येतें. आधारादाखल चरकाचें, क्वचित् ग्रीक वैद्यांचें नांव घेण्यांत येतें. स्थल मात्र दाखविलेलें नसतें. अशा विधानाच्या भरंवशावर एखाद्या रुग्णाचें चालू औषध बंद होण्याचा संभव असल्यामुळें मूळ ग्रंथ काय म्हणतात तें पाहणें अवश्य आहे.

चरकाच्या चिकित्सास्थानांतील उन्मादाध्यायांत रोगाचीं कारणें सांगतांना विरुद्ध अन्न, भय, हर्ष यांच्या जोडीस ‘विषम चेष्टा’ गणिल्या आहेत. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत व्यायामाची व्याख्याही शरीरचेष्टा अशीच असून ती मात्रेनेंच करावी अशी अट आहे. हीं दोन स्थलें एकत्र वाचलीं म्हणजे मात्रा सुटलेली चेष्टा रोगाच्या पक्षांत पडते, चिकित्सेच्या नव्हे, असें आम्हांस वाटतें. ‘विषम’ पदाचा अर्थ केवळ वांकडीतिकडी अंगस्थिति असा कोणी करील. तरीही व्यायामाच्या स्तुतीस त्यांतून आधार मिळत नाहीं. अर्ध्या शक्तीपर्यंत व्यायाम करावा हें सुश्रुताचें व वाग्भटाचें वचन प्रसिद्ध आहे, परंतु तें निरोगी मनुष्याच्या आचारासंबंधीं आहे. शिवाय चरकाचा पंचविध उन्माद दोषांवरून व आगंतु कारणांवरून विभागलेला आहे. खेद व उल्लास यांच्या आळीपाळीवरून नव्हे.

ती आळीपाळ ओळखण्याच्या जवळ जो आला तो कप्पदोकियाचा वैद्य अरेतायस. खिन्नता ही उन्मादाचा आरंभ व अंश होय, असें त्याचें मत. परंतु व्यायामाच्या प्रश्नास खरा उपयोगी ग्रंथ त्याचा नसून, ट्रेजन व हेड्रियन यांच्या काळीं रोमांत वैद्यकी करणाऱ्या सोरानसचा होय. त्याचा मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला. नुमिदियांतील सिक्काच्या कायलियस ऑरेलियानस यानें केलेलें लॅटिन रूपांतर तेवढें राहिलें, आणि त्यांतील जुनाट रोगांचा भाग इ. स. १५२९ मध्यें बासेल येथें छापला गेला. ज्या पोथीवरून तो छापला तिचीं थोडीं पानेंच उरलीं असल्यामुळें आज छापील प्रतच साक्षी आहे. पोथीसंग्राहकांस हा प्रकार अपरिचित नाहीं.

ह्या ग्रंथांतला क्रम पाहण्यासारखा आहे. रोग भरांत असतां शांत जागा व माफक उजेड. सांखळ्या, फटके व उपासमार यांचा स्पष्ट निषेध. रोग उतरूं लागला म्हणजे प्रथम रुग्णास वाहनांतून फिरविणें, मग चालणें, मग आवाजाचा व्यायाम. पुढें रुग्णापुढें मुद्दाम चुकीच्या विधानांचा मजकूर वाचावयास ठेवावा, म्हणजे त्या चुका हुडकतां हुडकतां बुद्धि कामाला लागेल! अशुद्ध पोथ्यांचा इतका सदुपयोग आमच्या ऐकिवांत दुसरा नाहीं. नाटकेंही तशींच: खिन्न असेल त्यास हास्यप्रधान प्रयोग, पोरकट उल्हासांत असेल त्यास गंभीर. म्हणजे उपाय स्थितीच्या उलट व शरीरश्रम उताराच्या वेळीं, हें तत्त्व येथें उघड आहे. सर्व काळीं व्यायाम असें कोठेंही नाहीं.

अर्वाचीन काळीं फाल्रे व बायार्जे यांनीं इ. स. १८५४ च्या सुमारास पॅरिसांत ह्या चक्राकार व्याधीचें वर्णन केलें, आणि १८९९ मध्यें क्रेपेलिननें त्यास एका रोगाचें रूप दिलें. १९४९ मध्यें ऑस्ट्रेलियांतील केड यानें लिथियमचा उपयोग प्रसिद्ध केला. खिन्नतेंत व्यायामाचा उपयोग होतो हें आतां बरेंच सिद्ध आहे. परंतु द्विध्रुवी विकाराविषयीं पुरावा अद्यापि तोकडा आहे, आणि उन्मादाच्या चढत्या अवस्थेंत जोराच्या श्रमानें कांहीं रुग्णांची उत्तेजना वाढते असेंही आढळलें आहे. लिथियम घेणारानें शरीरांतील पाणी व मीठ घटूं देऊं नये, अशी वैद्य सूचना देतात. घाम गाळणारानें ती विशेष लक्षांत ठेविली पाहिजे. तेव्हां औषधाच्या जोडीस, वैद्याच्या सल्ल्यानें व्यायाम, इतकेंच म्हणतां येतें.

ज्यांच्या संग्रहीं वैद्यक बाडें असतील त्यांनीं उन्मादप्रकरणाखालील पथ्यापथ्य पाहून, व्यायाम कोणत्या बाजूस घातला आहे व रोगाच्या कोणत्या अवस्थेसाठीं, हें पत्रांकासह कळवावें. मूळ पाठ जसाच्या तसा उतरावा. लेखकाच्या अशुद्धि सुधारूं नयेत.