ऊन पाण्याची गावं



आपल्या घरातल्या म्हाताऱ्या गरम पाण्याला अजूनही ‘ऊन पाणी’ म्हणतात. ‘पाणी ऊन झालं का बघ’, ‘ऊन ऊन भाकरी खाऊन घे’. हा ‘ऊन’ शब्द आज जरा ध्यानात ठेवा. आजच्या बोलण्यातला इतिहास त्यातच आहे.

महाराष्ट्राचा नकाशा उघडा. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीकडं उन्हवरे आणि राजापूरजवळ उन्हाळे. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या जंगलपट्ट्यात उनकेश्वर. या सगळ्या ठिकाणी जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. गावांच्या नावातच ते सांगून ठेवलंय.

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि शिलालेख आठवतात. पण गावाला नाव पडतं ते रोजच्या बोलण्यातून. आणि रोज पाण्याशी गाठ कुणाची? बाईची. लाकूडफाटा आणायचा, चूल पेटवायची, हंडा तापवायचा, सगळ्यांच्या अंघोळी उरकून द्यायच्या आणि उरलेल्या कोमट पाण्यात आपण न्हायचं. बाईला पोटभर ऊन पाणी मिळायचं ते बाळंतपणात, नाही तर दिवाळीला. काटकी न जाळता तापलेलं पाणी जिनं पहिल्यांदा पाहिलं असेल, तिला केवढं नवल वाटलं असेल!

ते नवल बघायला आमच्या गटांतल्या बाया मिळून वज्रेश्वरीला जाऊन आलो. बेलापूरहून क्रूझर केली आणि आपल्या प्रवरामाईच्या उगमाकडं निघालो. संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा. तिथलं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्याच पाण्यावर खाली आपला ऊस उभा राहिला. वर रतनगडाच्या डोंगरात प्रवरेचा उगम. या डोंगराच्या अलीकडं पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीला मिळतो आणि पूर्वेच्या समुद्राला जातो. पलीकडं पडलेला कोकणात उतरतो. आम्ही घोटीवरून कसारा घाट उतरलो आणि शहापूर, भिवंडीच्या बाजूनं तानसा नदीच्या खोऱ्यात पोचलो. साग, ऐन, पळस असं सगळं रान. रस्त्याकडेनं आदिवासी बाया डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन चालल्या होत्या. ऊन पाण्याच्या मुलखातही बाईच्या डोक्यावरची मोळी काही सुटलेली नाही.

तानसा नदीच्या काठानं वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी अशी तीन गावं जवळजवळ आहेत. कुंडांना सूर्यकुंड, अग्निकुंड, रामकुंड अशी नावं आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं दिसतं. तट आहे, दगडी पायऱ्या आहेत. पोर्तुगीजांच्या ताब्यातली वसई घेताना चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई मिळाल्यावर हे देऊळ बांधवलं, असं सांगतात. देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशीही तिथली गोष्ट आहे. पुढं इंग्रजांनी याच नदीवर धरण बांधलं आणि १८९२ पासून तानसाचं थंड पाणी नळानं मुंबईला जाऊ लागलं. ऊन पाणी मात्र जागच्या जागी राहिलं.

हे पाणी तापतं कसं? खाली ज्वालामुखी जळतोय का, असं आमच्यातल्या बऱ्याच जणींनी विचारलं. तसं नाही. आपला काळा पत्थर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कधीच थंड झाला. पण जमिनीत जसं खोल जावं तशी उष्णता वाढते. एका किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून फार खोल मुरतं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सह्याद्रीच्या पायथ्याला कोकणात अशा खोल भेगा आहेत. म्हणून पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत हे झरे ओळीनं सापडतात. उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास असतं. त्यात हात घालायची सोय नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. उनपदेव आणि उनकेश्वर दोन्हीकडं एकच कथा सांगतात. शरभंग ऋषींच्या अंगाला रोग झाला होता. रामानं जमिनीत बाण मारला, ऊन पाणी वर आलं आणि त्या पाण्यानं ऋषी बरे झाले. या कथेमुळं कातडीचा आजार असलेली माणसं आशेनं अशा कुंडांवर येत राहिली. औषध नव्हतं, त्या काळात दुसरा आधार तरी कुठं होता? गरम पाण्यानं अंग मोकळं होतं, सांधे सैल होतात, चार दिवस कामातून सुटका मिळते. बाईला तर घरातून बाहेर पडायला देवाचं कारण मिळायचं.

आमच्यातली एक बाईही त्याच आशेनं आली होती. तिनं हो म्हटलं म्हणून सांगतो. दंडावर फिकट चट्टा. दोन वर्षं पोलक्याच्या बाहीखाली झाकलेला. कुंडावर कपडे बदलायला आडोसा होता, तिथं तो आम्हाला दिसला. ती म्हणाली, ‘इथं पाणी भाजत नाही गं.’ पाणी सगळ्यांनाच भाजत होतं, तिच्या चट्ट्याला तेवढं कळत नव्हतं. अशी बधिर जागा गरम पाण्यात पोळून निघते आणि पत्ताही लागत नाही.

परत आल्यावर आशाताईंना घेऊन आम्ही तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. कुष्ठरोगाची सुरुवात होती. तिला सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या, त्याही फुकट. आज ती बरी आहे, गटाचं रजिस्टर तीच लिहिते. १९८० च्या दशकात दोन-तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि हा रोग पुरता बरा होऊ लागला. शरभंगांच्या काळी हे नव्हतं. आपल्या काळी आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, ऊन पाण्याला जरूर जा. मात्र आधी हातानं पाण्याचा अंदाज घ्या. गरोदर बाया आणि रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. कुंडात साबण लावू नका. आणि अंगावर चट्टा असेल, तिथं टोचलेलं किंवा गरम-गार कळत नसेल, तर तो पाण्याला दाखवायच्या आधी डॉक्टरला दाखवा. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. पण झाकून ठेवलेला चट्टा कुणालाच ओळखता येत नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढं एक विचारा: कुणी काही झाकून ठेवलंय का गं?

नमस्कार.