लूप, तांबी आणि विश्वास : जामखेड तालुक्याच्या अनुभवाच्या प्रकाशात

मराठ्यांनी मार्च १७९५ मध्ये निजामावर मिळविलेल्या विजयामुळे खर्ड्याचे नाव इतिहासात कायम झाले. परंतु ज्या जामखेड तालुक्यात हे गाव मोडते, त्याला स्त्रियांच्या आरोग्याचाही एक इतिहास आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या व इच्छेनुसार काढता येणाऱ्या संततिनियमनाच्या साधनांचा स्वीकार कशावर अवलंबून असतो, या प्रश्नावर त्याने बराच प्रकाश पडतो.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. १९६५ मध्ये त्यात ‘लूप’ दाखल झाला. १९६६-६७ मध्ये देशात सुमारे नऊ लाख स्त्रियांना तो बसविण्यात आला. दोनच वर्षांत ही वार्षिक संख्या पाच लाखांच्या खाली आली.

ही घसरण ग्रामीण स्त्रीच्या अज्ञानामुळे झाली, असे म्हणणे अपुरे ठरेल. लूपमुळे अनेकींच्या अंगावरून अधिक जाई. आधीच रक्तक्षय असलेल्या कष्टकरी स्त्रीला तो अशक्तपणा परवडणारा नव्हता. शिवाय ज्या घरी विटाळ पाळला जाई, तेथे लांबलेली पाळी हा साऱ्या घराच्या व्यवहारात अडथळा होई. शिबिरात लूप बसविणारे पथक दुसऱ्या दिवशी गावात नसे. स्त्री-डॉक्टर दुर्मिळ होत्या. उद्दिष्टे बसविलेल्या लूपांच्या संख्येवर ठरत, नंतरच्या देखभालीवर नव्हे. अशा स्थितीत अफवांना प्रत्यक्ष त्रासाचा आधार मिळाला, यात नवल नाही.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकविले. प्रकल्पक्षेत्रात १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पुढील दोन दशकांत हे प्रमाण झपाट्याने घटले आणि संततिनियमनाचा स्वीकार वाढला. झालेले मूल जगेल ही खात्री आधी आली, आणि अडचण विचारावयास गावातीलच बाई जवळ होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तरीही शस्त्रक्रियेचे प्राबल्य राहिलेच. लूपची जागा पुढे ‘तांबी’ने घेतली, आणि तिचा २००२ पासून शासकीय कार्यक्रमात आलेला प्रकार दहा वर्षे टिकतो. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के शस्त्रक्रियेवर, तर केवळ २.१ टक्के तांबीसारख्या साधनांवर विसंबून होत्या. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणे, मुलगा होईपर्यंतची वाट, सासू व पती यांचा शब्द आणि कार्यक्रमाचा शस्त्रक्रियेकडील जुना कल या सर्वांचा हा परिपाक होय.

तात्पर्य, ‘काढता येणारे’ हा गुण केवळ साधनात नसतो. ते काढून देणारे माणूस स्त्रीच्या हाकेच्या अंतरावर असेल, आणि काढण्याची तिची इच्छा मानली जाईल, तेव्हाच तो गुण खरा ठरतो.