बंद न करता बाजूला

आत्या आणि काका एकत्र आले की जुन्या मॅकिंतॉशचा विषय निघतोच, आणि निघाला की वाद होतोच. आत्या १९८३ साली लग्न होऊन कॅलिफोर्नियात सॅन होझेला गेली आणि तिथल्या एका छोट्या छपाईच्या दुकानात कामाला लागली. काका तिचे धाकटे भाऊ. त्यांनी नव्वदच्या दशकात मुंबईत जाहिरातींची पानं लावली. यंत्र एकाच घराण्यातलं, पण मधल्या सात-आठ वर्षांत त्याच्या स्क्रीनवर वावरण्याची रीत पार बदलली होती. हा बदल मला आधी या बहीणभावाच्या भांडणातून कळला, पुस्तकांतून नंतर.

२४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या पहिल्या मॅकिंतॉशची स्क्रीन नऊ इंची, काळी-पांढरी होती. आडवे ५१२ ठिपके, उभे ३४२. मेमरी १२८ के. एवढ्यात एका वेळी एकच प्रोग्राम मावे. मॅकराइटमध्ये लिहिताना मॅकपेंटमधलं चित्र हवं झालं, तर मजकूर सेव्ह करायचा, मॅकराइट बंद करायचं, फायलींची यादी दाखवणारा फाइंडर येईपर्यंत थांबायचं, लागलीच तर फ्लॉपी बदलायची, मॅकपेंट उघडायचं, चित्र उचलून स्क्रॅपबुकात ठेवायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. ॲपल मेन्यूतली कॅल्क्युलेटर, नोटपॅडसारखी चिमुकली साधनं तेवढी चालू प्रोग्रामच्या वर उघडत. पसारा नव्हता, कारण पसाऱ्याला जागाच नव्हती.

आत्याला मात्र ही फेरी सारखी घालावी लागे, कारण तिला मराठी लिहायचं होतं. तिथल्या मराठी मंडळाचं पत्रक ती काढायची. आतला मजकूर इंग्रजीत मॅकराइटवर टाइप होई, पण मथळा मराठीतच हवा हा तिचा हट्ट, आणि देवनागरी टाइप काही तिच्याकडे नव्हता. मॅकपेंटमध्ये फॅटबिट्स नावाची सोय होती. तिच्यात चित्राचा लहानसा तुकडा इतका मोठा होई की एकेक ठिपका वेगळा काळा-पांढरा करता येई. दुकान बंद झाल्यावर मालकाच्या परवानगीने ती तिथे बसायची आणि माउसने ठिपका ठिपका टिपत अक्षरं घडवायची. शिरोरेघ दोन ठिपके जाड, काना तीन. ‘श’ची गाठ मनासारखी वळेना, म्हणून तो कितीदा तरी पुसला. ‘गणेशोत्सव’ एवढा एक शब्द उभा करायला तिने बऱ्याच संध्याकाळी घातल्या. शब्द झाला तरी तो मजकुराच्या वर कसा बसतो ते मॅकराइटमध्ये गेल्याशिवाय कळणार नाही. आणि तिथे मात्रा एक ठिपका वर गेलेली दिसली, की चला पुन्हा मॅकपेंटला. “अक्षर काढण्यात नाही रे, वाट बघण्यात जीव जायचा,” असं ती अजून सांगते.

सप्टेंबर १९८४ मध्ये ५१२ के मेमरीचा मॅक आला. जागा चौपट झाली, पण यंत्र तरीही एका वेळी एकच प्रोग्राम चालवी. उरलेली मेमरी नुसती पडून. मॅकच्या मूळ चमूतला अँडी हर्ट्झफेल्ड तोवर ॲपल सोडून स्वतंत्र काम करू लागला होता. आयबीएम पीसीवरचा मेमरी शिफ्ट नावाचा एक प्रोग्राम बघून त्याने मॅकसाठी तसंच काही करायला घेतलं. त्यातून झाला स्विचर, आणि १९८५ मध्ये ॲपलनेच तो लोकांच्या हाती दिला. स्विचर मेमरीचे ठरलेले भाग पाडून प्रत्येक भागात एक प्रोग्राम बसवी. सोय आठांपर्यंत होती, ५१२ केमध्ये खरे मावत दोन-तीन. वरच्या मेन्यूपट्टीच्या उजव्या टोकाला बाण येत. बाणावर क्लिक केलं की चालू प्रोग्राम सबंध स्क्रीनसकट आडवा सरकून जाई आणि दुसऱ्या बाजूने पुढचा येई.

हे सरकणं मला फार मोलाचं वाटतं. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक बिट, म्हणून एका स्क्रीनचं चित्र जपून ठेवायला २१,८८८ बाइट लागत. जिथे एकेका केसाठी ओढाताण होती, तिथे सरळ चित्र बदललं असतं तरी काम भागलं असतं. पण सरकल्यामुळे माणसाला कळे की आधीचा प्रोग्राम बंद झालेला नाही, तो शेजारी आहे, आणि कोणत्या बाजूला आहे तेही कळे. आत्याने लहानपणी ‘तो मी नव्हेच’ हे नाटक पाहिलं होतं. तिला पहिल्यांदा स्विचर दाखवला तेव्हा आठवला तो त्यातला फिरता रंगमंच: या बाजूला प्रवेश चालू, तर मागे पुढचा प्रवेश मांडून तयार. मात्रा एक ठिपका खाली घ्यायची, कॉपी करायचं, बाण दाबायचा, पेस्ट. त्या वर्षीचं गणपतीचं पत्रक तिने अजून जपून ठेवलंय; शिरोरेघ कुठेही तुटलेली नाही.

१९८७ साली मल्टीफाइंडर आलं आणि निरनिराळ्या प्रोग्रामांच्या विंडो एकाच स्क्रीनवर एकमेकींवर पडू लागल्या. सोय मोठी होती. दोन प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येऊ लागले, एकात दिसणारा आकडा बघत दुसऱ्यात लिहिता येऊ लागला. पण झाकायची सोय मागे राहिली. मजकुराच्या फटीतून मागचं चित्र दिसे, त्याच्याही मागे फाइंडरचे फोल्डर; विंडोच्या कडेबाहेर चुकून क्लिक पडलं की पुढचा प्रोग्राम मागे जाई आणि भलताच पुढे येई.

मे १९९१ मधल्या सिस्टिम ७ ने उजव्या कोपऱ्यात एक मेन्यू दिला. चालू प्रोग्रामांची यादी, आणि तिच्या वर तीन आज्ञा: हा झाका, बाकीचे झाका, सगळे दाखवा. काका या व्यवसायात आले ते याच सुमारास. त्यांच्यासमोर पेजमेकर, त्यामागे फोटोशॉप, त्यामागे फ्रीहँड असे. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसलं, की काका आधी त्या कोपऱ्यात जाऊन ‘हाइड अदर्स’ करत. एकाची न छापलेली जाहिरात दुसऱ्याच्या पानामागून डोकावता कामा नये. गिऱ्हाईक उठलं की ‘शो ऑल’, आणि सगळं जसंच्या तसं. पुढे त्यांनी ऑप्शन की दाबून दुसऱ्या प्रोग्रामवर जायची सवय लावून घेतली. तसं केलं की सोडलेला प्रोग्राम आपोआप झाकला जातो. १९९४ च्या सिस्टिम ७.५ मध्ये विंडोशेड आलं: शीर्षकपट्टीवर दोनदा क्लिक केलं की विंडो गुंडाळून नुसती पट्टी उरते. काका आजही त्याच्या आठवणीने हळहळतात.

“ताई, तुझ्या स्विचरमध्ये दोन गोष्टी एकत्र दिसायच्या का?” हा काकांचा ठेवणीतला प्रश्न. आत्याचं उत्तरही ठरलेलं: “अरे, पण तुझ्या झाकलेल्या गोष्टी असतात कुठे, ते सांग ना!”

मला आत्याचं पटतं. झाकलेला प्रोग्राम यादीत नावापुरता उरतो. त्याला जागा नसते. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि ऑस्टिन हेंडरसन यांनी १९८६ च्या सुमारास रूम्स नावाची रचना मांडली, तिच्या मुळाशी हेच होतं. माणूस विंडो सुट्या वापरत नाही, एका कामाला लागणाऱ्या चार-पाच विंडोंमध्ये तो काही वेळ रमतो आणि मग दुसऱ्या कामाच्या घोळक्यात जातो. म्हणून प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली आणि ये-जा करायला दारं. यात काकांना हवं ते एकत्र दिसणंही आहे आणि आत्याला हवी ती ठरलेली जागाही.

मॅकवर ही कल्पना २००७ साली स्पेसेस म्हणून आली. २०११ च्या लायन या आवृत्तीपासून प्रोग्राम पूर्ण स्क्रीनभर पसरता येतो आणि ट्रॅकपॅडवर बोटं फिरवली की शेजारचा आडवा सरकत येतो. आत्याला ते बघून आनंद झाला, पण स्पेसेस नुकत्या वापरलेल्या क्रमाने आपल्या आपण जागा बदलतात, हे तिला मुळीच खपलं नाही. नव्या मॅकवर ती सेटिंग्जमध्ये जाऊन सर्वांत आधी तेवढी एक खूण काढून टाकते.