शिंपल्यांचे गणित

दूधवाल्याचा, वाण्याचा अन् भिशीचा हिशेब तोंडी करणारी बाई ‘मला बाई गणित काही येत नाही’ असे खुशाल सांगते. आपल्या हळदीकुंकवात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे, एकदोनदा स्वतःही म्हटले आहे! म्हणून बोर्डी-कोसबाडची हकीकत भगिनींपुढे ठेवावीशी वाटली.

ताराबाई मोडक यांनी राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. माँटेसरी पद्धत त्यांना मनापासून पटली होती. अडचण होती ती साधनांच्या किमतीची. मण्यांच्या माळा, लाकडी दांडे, खरखरीत कागदाचे अंक हे सारे शहरातल्या सुखवस्तू घरांना परवडणारे. खेड्यातल्या मुलांनी काय करावे?

या प्रश्नापायी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले. सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्यांना तेराव्या वर्षीच वैधव्य आले होते. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुण्यात नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्या.

महागड्या मण्यांची जागा शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी घेतली. यात नुसती काटकसर नव्हती. ‘पाच’ हा शब्द घोकणे निराळे आणि पाच चिंचोके मुठीत धरून पाचपणा ओळखणे निराळे. पाने लहानमोठी लावताना मूल मोजमाप शिकते आणि त्यांच्या कडा व शिरा पाहता पाहता सृष्टिज्ञानही शिकते. पण हे घडण्यासाठी शिकवणारीला आधी ते स्वतः उमगावे लागते. पुस्तकातला धडा वाचून दाखवणारी बाई येथे उपयोगी नव्हती. म्हणून केंद्राने बालसेविकांच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेतले. फार न शिकलेल्या बायकांनाही हे साधते, हा त्यामागचा विश्वास होता. त्या काळी असे म्हणायला धाडस लागत असे.

हरिजनवस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. १९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारल्यांची पोरे गुरे राखत रानोमाळ हिंडत. शिक्षिका त्यांच्यामागे कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. फळा नाही, बाके नाहीत. गुरे मात्र मोजायला भरपूर!

ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत ही टेकडी सोडली नाही. दरम्यान १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. नाव उचलले, पण सेविकेच्या शिक्षणावरची ती मेहनत तितकीशी उचलली नाही, असे माझे मत आहे. पोषण आहार, वजने, नोंदवह्या यांतच तिचा दिवस जातो. आणि तिच्या हाती पडते ते आजही मानधनच, वेतन नव्हे.